तुम्ही न केलेला बिघाड

बाबा,

तुम्हाला पत्र लिहायची मला सवय नाही. तुम्ही होतात तेव्हा तुमच्याशी बोलायचीही फारशी नव्हती. तुम्ही विचारायचं आणि मी उत्तर द्यायचं, एवढंच आपलं चालायचं. पण रविवारी तुमच्या त्या जुन्या गाडीचं बोनेट उघडलं आणि तेव्हापासून मी मनातल्या मनात तुमच्याशी भांडते आहे. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली. मेलेल्या माणसाशी भांडण्यात एक सोय असते. त्याला मध्येच उठून जाता येत नाही.

तुम्ही आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिकच्या पोरांना शिकवायचात. मास्तरांनी चालत्या गाडीत मुद्दाम बिघाड करून ठेवायचा आणि पोरांनी तो शोधायचा, अशी तिथली पद्धत. वर्कशॉपमध्ये ती चांगलीच असेल. तुम्ही ती घरी आणलीत. सुटीच्या दिवशी आम्ही मायलेकी कपडे करून पोर्चमध्ये यायचो आणि गाडी चालू व्हायची नाही. तुम्ही वेताच्या खुर्चीत पाय पसरून बसलेले, आणि काढून घेतलेला फ्यूज तुमच्या शर्टाच्या खिशात. 'शोध,' म्हणायचात. नियमही तुमचेच. गाडीला धक्का मारून चालू करायचं नाही. एका वेळी एकच गोष्ट तपासायची. सापडलं की मोठ्यानं 'सापडलं' म्हणायचं. आणि सापडेपर्यंत कुणी जेवायचं नाही, स्वयंपाक करून ठेवलेल्या आईनंही नाही.

चुकीची तार धरली की स्क्रूड्रायव्हरची मूठ बोटांवर बसायची. एकदा मी विचारलं, प्लगपर्यंत करंट येतो की नाही हे कसं कळतं. तुम्ही प्लगची तार उपसून माझ्या हातात दिलीत आणि आत बसलेल्या आईला म्हणालात, 'चावी फिरव वं.' तिला काय माहीत. तिनं फिरवली. माझा हात खांद्यापर्यंत झिणझिणून उडाला, डोकं बोनेटवर आपटलं आणि मी खाली बसले. 'आता जनमभर नाही इसरत तू,' तुम्ही म्हणालात, आणि हसलातही. आईनं त्या दिवसापासून गाडीच्या चावीला हात लावायचं सोडलं. त्याच वर्षी माझ्या वाढदिवसाला तुम्ही मला टेस्ट लॅम्प दिलात, करंट तपासायचा, बल्बला दोन तारा जोडून स्वतः बनवलेला. इतर बाप पोरींना फ्रॉक आणायचे.

आता ज्या सकाळपायी हे भांडण, त्या सकाळचं. आजीला रामदासपेठेतल्या दवाखान्यात ठेवलं होतं. मामाचा फोन आला, 'भाऊजी, ताईले लवकर घेऊन या. माय तिचंच नाव घेऊन राहिली.' आपलं घर विमानतळाच्याही पुढे. मिहानचा प्रकल्प अजून यायचा होता, वस्ती विरळ, ऑटोसाठी मोठ्या रस्त्यापर्यंत चालत जावं लागे आणि गेल्यावर मिळेलच असं नाही. आई साडी बदलून, पिशवी घेऊन गाडीत बसली. तुम्ही चावी फिरवलीत. टक. एवढाच आवाज. दिवे लख्ख, हॉर्न खणखणीत, इंजिन मात्र हलायला तयार नाही. तुम्ही उतरलात, बोनेट उघडलंत, बराच वेळ आत वाकून राहिलात. मग हात पुसलेत, खुर्चीत जाऊन बसलात आणि मला म्हणालात, 'शोध.'

मी तुमच्या खिशाकडे पाहिलं. आईनंही पाहिलं. ती गाडीतून उतरून तुमच्यासमोर आली. 'अहो, आज नका करू. माझी माय आहे थे. काय काढलं असंन ते देऊन टाका.' तिनं खाली बसून तुमचे पाय धरले, शेजारीण फाटकातून बघत होती तरी धरले. तुम्ही पाय खुर्चीखाली ओढून घेतलेत आणि माझ्यावर खेकसलात, 'थांबली काहून? शोध ना.'

मी शोधलं. बॅटरीची टोकं घासली, फ्यूज एकेक करून तपासले, तुमचा टेस्ट लॅम्प जिथे तिथे लावून पाहिला. शेजारचे काका म्हणाले, धक्का मारून देतो, तर तुम्ही त्यांना हातानंच परतवलंत. आम्ही रस्त्यापर्यंत चालत जायला हवं होतं, हे आज कुणीही सांगेल. पण आम्ही तुमच्या घरातल्या बायका. तुम्ही थोडा वेळ छळता आणि शेवटी खिशातून काढून देता, हे आम्हाला पाठ होतं. आम्ही तुमचा खिसा कधी उघडतो याची वाट पाहत बसलो. दुपारी तुम्ही उठलात, चावी फिरवलीत आणि गाडी सुरू झाली. 'चला,' म्हणालात. दवाखान्यात पोचलो तेव्हा खाटेवरची चादर बदलून झाली होती.

आई तुमच्याशी भांडली नाही. तुमचं ताट वाढत राहिली. तुम्ही गेलात तेव्हा बायका तिला रडवायला बघत होत्या, ती कोरडी बसून राहिली. आजही विषय निघाला की एवढंच म्हणते, 'त्यायनं मुद्दाम केलं.' मीही तेच मानत आले, आमची नजर चुकवून तुम्ही ते परत लावलंत असं धरून. तुमचा द्वेष करणं आम्हा दोघींना छान जमलं होतं, खरं सांगायचं तर आमच्यात बोलायला तेवढाच एक धागा होता.

रविवारी आईला तिच्या बहिणीकडे धरमपेठेत सोडायचं होतं. गाडी म्हणाली, टक. दिवे लख्ख, हॉर्न खणखणीत. मी आधी पोर्चकडे पाहिलं. खुर्ची रिकामी होती, बाबा. खिसाच नव्हता.

मग मी तुमच्याच नियमानं, एका वेळी एकच करत गेले. बॅटरी चांगली. स्टार्टरपर्यंत करंट चांगला. उरली करंटची परतीची वाट. इंजिन गाडीच्या सांगाड्याला जिनं जोडलेलं असतं ती जाड तार, अर्थची. दिसायला धडधाकट. मी तिच्यावर विश्वास ठेवला नाही. बॅटरीच्या उणे टोकापासून थेट इंजिनाला एक जाड केबल लावली आणि आईला चावी फिरवायला सांगितलं. तिनं आधी माझे हात बघितले, कुठे काही धरलेलं नाही ना, आणि मगच फिरवली. इंजिन पहिल्या फटक्यात सुरू झालं. जुनी तार काढायला गेले तर तिच्या बोल्टवर कारखान्यातली पिवळ्या रंगाची खूण अखंड होती. कारखान्यातून निघाल्यावर त्याला कधी कुणाचा पाना लागलाच नव्हता, काढायलाही नाही आणि परत लावायलाही नाही. तारेचं वेष्टण चिरलं तर आत हिरवी भुकटी, आणि उरलेले चार धागे एकमेकांना कधी लागतात, कधी नाही. आजी गेली त्या सकाळी ते लागले नाहीत, दुपारी लागले. तुम्ही काहीही केलं नव्हतं.

म्हणजे तुम्हाला सापडत नव्हतं. आयटीआयच्या मास्तरांना, एवढंच. स्वतः लपवलेले बिघाड तेवढे तुम्हाला सापडायचे. एक खरा बिघाड समोर आला आणि तुम्ही खुर्चीत जाऊन लपलात. 'मलेच नाही सापडून राहिलं' एवढं म्हणाला असतात तर आम्ही धावत सुटलो असतो. तिनं पाय धरले तेव्हाही म्हणाला नाहीत. बायकोपोरीपुढे अडाणी दिसण्यापेक्षा दुष्ट दिसणं तुम्हाला परवडलं. दुष्ट बापाची मला सवय होती. हा घाबरट माणूस मला अजिबात नको आहे.

आईला मी सांगितलेलं नाही, आणि सांगणारही नाही. सांगितलं तर तिला तुमची कीव येईल, आणि ती तुम्हाला मिळू नये असं मला वाटतं. तिच्या मनात तुम्ही जसे दिसायचं ठरवलंत तसेच राहा. हे पत्र कुठे टाकायचा प्रश्नच नाही, लिहून झालं की चुलीत जाईल.

फक्त एक आहे. तार चिरली आणि ती हिरवी भुकटी बोटांना लागली, तेव्हा मला आधी आजी आठवायला हवी होती. मी मोठ्यानं 'सापडलं' म्हणाले आणि तुमच्या खुर्चीकडे बघत थांबले. गाडीतून आईनंच विचारलं, 'काय सापडलं वं?'

'काही नाही,' मी म्हणाले, 'बॅटरी उतरली होती.'