पायांत उतरलेली सर्दी

ती. ताईस धाकट्याचा साष्टांग नमस्कार.

तुझे गुडघे काय म्हणतात? भावजींचा बसलेला आवाज उठला का? (नसेल, तर तुझी दुपारची झोप छान होत असेल.) आम्ही सगळे मजेत. लेकीचं लग्न ठरल्याप्रमाणे होणार आहे. मध्यंतरी मोडता मोडता राहिलं, तेवढंच.

झालं असं. आम्ही जेवत असताना होणाऱ्या जावयाचा तिच्या फोनवर इंग्रजीत निरोप आला, 'आय हॅव कोल्ड फीट.' ती ताटावरून उठली, फोन माझ्या हातात दिला आणि आतल्या खोलीत गेली. तुझी वहिनी 'फीट आली?' म्हणून घाबरली. तिला म्हटलं, फीट म्हणजे पाय. जन्मभर चपलांचं दुकान चालवलं, एवढंही कळू नये? आणि नुसतं 'कोल्ड' म्हणजे सर्दी. म्हणजे पोराची सर्दी नाकातून पायांत उतरली! वहिनीने (माझ्या इंग्रजीवर तिचा विश्वास आहे, तिला येत नाही म्हणून) लोकरीचे मोजे काढले, मी तेलाची बाटली घेतली आणि तडक त्याची खोली गाठली.

दार उघडलं तर पोरगं पांढरंफटक. त्याला खुर्चीत बसवलं, एक पाय मांडीवर घेतला आणि लागलो चोळायला. तो आपला 'बाबा, अहो, नको' करतोय. पाय हाताला चांगला गरम लागला. 'अरे, हा तर ठणठणीत आहे,' म्हणालो, तर तो रडायलाच लागला. मग उलगडा झाला, कोल्ड फीट म्हणजे ऐन वेळी कच खाणं. (मग सरळ 'हातपाय गार पडले' म्हणावं की! इंग्रजीत हात कुठे गेले?) बिचारा लहानपणापासून वसतिगृहात वाढलेला. म्हणाला, "घर कसं चालवतात ते मी पाहिलंच नाही. नाही जमलं तर?"

"मलाही कुठे जमलंय?" मी म्हटलं. "तुझी सासू चालवते. मी मोजे पोचवतो."

तो हसला, डोळे पुसले आणि दुसरा पाय आपणहून पुढे केला. रात्री आमच्याकडेच जेवला.

तुझा,
धाकटा

ता. क. लेकीला अर्थ पक्का ठाऊक होता म्हणे. 'आई गेली असती तर भांडली असती, मी गेले असते तर रडले असते. बाबांना अर्थ कळणार नाही, म्हणून त्यांनाच फोन दिला,' असं तिने आईला सांगितलं.

आणखी एक. लग्नाला उशिरा आलीस तरी चालेल, पण नंतर महिनाभर राहायलाच ये. लेक गेल्यावर घर खायला उठेल, असं तुझ्या वहिनीला वाटतं. (तिला नाही. मला.)