नुसतं एंटर दाबा

३ एप्रिल १९८८, रविवार
आजपासून रोज लिहायचं. माझा ‘सुलभ’ हा प्रोग्रॅम विदर्भातल्या सगळ्या कॉलेजांना फुकट वाटणार, तोही कोडसकट. ज्याला हवं त्याने बदलावं. कोणी बदलणार नाही म्हणा. बसवताना मशीन सात प्रश्न विचारतं. नुसतं एंटर दाबलं की मी ठरवलेलं उत्तर लागू. लोकांना विचार करायचा कंटाळा असतो. माझ्या बायकोचं, पुष्पलताचंच घ्या. तिच्या चहात साखर किती, हे पंधरा वर्षं मी ठरवतो. तक्रार नाही.

५ एप्रिल
प्रश्न तिसरा : जुन्या फायली पुसायच्या? ठरवलं – हो. वीस एमबीची डिस्क, त्यात कचरा कशाला? आमच्या कॉम्प्युटर सेंटरमधला देवराव म्हणाला, “मार्तंडा, पुसाचं काहून धरून राहिला गा? ‘नाही’ धर नं. एखाद्याचा जीव असते त्याच्यात.” भित्रा माणूस.

९ एप्रिल
प्रश्न चौथा : बॅकअप? नाही. फ्लॉप्या वाया जातात.
घरीही सफाई. पुष्पलताच्या पीएचडीचे कागद रद्दीत दिले. कन्हानच्या खाणीतल्या तीनशे बारा बायकांच्या मुलाखती. दोन वर्षं रविवारी सेंटरवर बसून तिनेच सगळं मशीनमध्ये भरलंय, मग कागद कशाला? म्हणाली, मला विचारलं का नाही? विचारलं असतं तर नाही म्हणाली असती.

१७ एप्रिल, रविवार
सेंटरच्या मशीनवर ‘सुलभ’ बसवायचा पहिला मान पुष्पलताला दिला. तिसऱ्या प्रश्नाशी थांबली. नीट वाचू का, म्हणाली. म्हटलं, डोळे मिटून एंटर दाब. दाबलं.
दुपारी – तिची फाइल सापडत नाही.
संध्याकाळी – एकही बाई उरलेली नाही.
शांतपणे विचार केला. चूक वापरणाऱ्याची. प्रश्न स्क्रीनवर स्वच्छ दिसत होता.

१८ एप्रिल
तिने देवरावला गाठलं. तो म्हणाला, “वहिनी, ते आता नाही येत.” माझ्याकडे बघितलंही नाही त्याने. मी धीर दिला – पुन्हा भर, आता तुझा हात बसलाय. कशावरून भरू, एवढंच म्हणाली.

२४ एप्रिल
दुसऱ्या आवृत्तीचं काम जोरात. आठवा प्रश्न कागदावर लिहीत होतो, तेवढ्यात पुष्पलता दारात. कन्हानला बहिणीकडे, शोभाताईकडे राहून त्या बायकांना पुन्हा भेटते म्हणाली. आणि मग तिकडेच राहू का, असं विचारलं. दोनदा विचारलं बहुतेक. वाक्य मनात जुळत आलं होतं, म्हणून बोललो नाही.

२५ एप्रिल
टेबलावर चिठ्ठी. ‘तुम्ही काही बोलला नाहीत. तुमच्या नियमाने ते हो धरलं.’
म्हणजे नियम कुणालाही समजण्याइतका सोपा आहे. प्रस्तावनेत हे घालावं.
चहा केला. साखरेचा डबा सापडला नाही.