नवा वॉल, गंजका पाइप

दिघोरी, ५ नोव्हेंबर १९८४

चि. सौ. सुलोचनास परसरामदादाचे अनेक आशीर्वाद.

धान उडवायचा पंखा, शाळेची घंटा, चार गावांतल्या पंपांचे पितळी वॉल म्हणजे झडपा, सारं माझ्या हातचं. शिकवलं कोणी नाही. म्हणून बाबा दवाखान्याचंही मलाच विचारतात. नागपूरच्या डॉक्टरांनी काळजाची झडप आखडल्याचं सांगितलं, मुंबईत नवी बसवा म्हणाले. मी बाबांना माझ्या दुकानात नेलं. गंजक्या पाइपाला नवा वॉल बसवून पंप चालू केला. पाइप जोडावर फाटला. बाबा म्हणाले, "समजलं. मले नाही जायचं."

सदुसष्टाव्या वर्षी चिरफाड कायले? धान कापणं सुरू आहे. जावईबापूंना नमस्कार.

तुझा दादा

नागपूर, ११ नोव्हेंबर

ती. दादास सुलोचनाचा शि. सा. नमस्कार.

पाइपानं बाबांचं भविष्य सांगितलं, हे वाचून आधी हसले, मग रडले. मी स्वतः डॉक्टरांकडे गेले. वयाचा धोका त्यांनी लपवला नाही. पण मूत्रपिंडं कशी आहेत, बिडीनं फुप्फुसं किती गेली, काळीज किती थकलं, तेही पाहावं लागतं म्हणाले. बाबांची मूत्रपिंडं चांगली आहेत. बिडी मात्र आजच बंद कर. चक्कर येऊन पडू लागल्यावर थांबणं हाच मोठा धोका, असं त्यांचं म्हणणं.

बाबा धानाच्या बांधीत चक्कर येऊन पडले, हे मला गावातल्या तुलारामकाकांकडून काहून कळावं?

राग आहे, माया त्याहून जास्त आहे.

तुझी सुलोचना

दिघोरी, १८ नोव्हेंबर

चि. सौ. सुलोचना, आशीर्वाद द्यायला तोंड नाही, तरी घे.

पडल्याचं मी मुद्दामच लिहिलं नाही. आणि तो पाइप मी भंगारातून निवडून काढला होता, फाटेल असाच. चांगला पाइप बाजूलाच पडून होता. बाबा माझ्या शब्दावर मुंबईला जातील आणि परत येणार नाहीत, ही भीती होती. कारागिरीच्या नावाखाली ती मी त्यांच्या गळी उतरवली.

काल त्यांना सारं सांगितलं. मी लपवलेली बिडी ते शोधत होते. शोधणं थांबवलं. मग म्हणाले, "पाइप तूच फाडला. आता तिथं मुंबईत दवाखान्याच्या दारात तूच बसजो. मंग जातो."

जानेवारीत नेतो. काय होईल ते डॉक्टरही छातीठोक सांगत नाहीत, मी तर नाहीच नाही. भावाला बोल लाव, पण पत्र थांबवू नको.

तुझा दादा, परसराम

ता. क. तुमसरचा राईस मिलवाला जानेवारीतच नवी मिल बसवायला बोलावत होता. दारावर माझ्या नावाची पाटी लावतो म्हणे. नाही म्हटलं. आठ हजार देऊन राहिला होता.