सुतक न सुटलेली सेवा समिती

महाड, शुक्रवार

ती. अक्कांना,

श्रीपतचा सलाम. तुमचा गुडघा आता नाशिकचा तो जिना चढू देत असेल आणि साडूभाऊ गोळ्या न लपवता घेत असतील, असं धरून चालतो. उज्वलाच्या दफनानंतर तुम्ही इथे राहिलात, घर सांभाळलंत, त्याबद्दल तेव्हा काही बोललो नाही. आताही नीट लिहिता येत नाही. माझी तब्येत बरी आहे. सकाळी सवयीने दोघांचा चहा टाकला जातो. जास्तीचा कप शेजारचे टेम्पोवाले तय्यबभाई येऊन पितात आणि साखर कमी आहे म्हणून रोज तक्रार करतात.

मुद्दाम कळवण्यासारखं म्हणजे चर्चच्या मंडळीने मला सेवा समितीचा प्रमुख नेमलं आहे. उपासना संपल्यावर पाळकसाहेबांनी विचारलं, उज्वलाबाईंचं काम श्रीपतरावांनी पुढे न्यावं, कुणाची हरकत? मी काही बोललो नाही, आणि आमच्या मंडळीत न बोलणाऱ्याला देवाचं पाचारण झालं असं समजतात. (उज्वला कुठल्याच समितीत नव्हती. ती पिशवी उचलून चालू लागायची. समिती तिच्या मागून स्थापन होत असे.) पहिल्याच बैठकीत वरंधच्या बाजूच्या वाडीला ब्लँकेटं वाटायचं ठरलं. कारण एवढंच, की मुंबईच्या एका मंडळीकडून आलेली ब्लँकेटं चर्चच्या खोलीत पडून होती. मे महिना आहे, दुपारी पत्र्याखाली उभं राहवत नाही, हे सगळ्यांनी मान्य केलं आणि ठराव एकमताने पास झाला.

त्या वाडीला ब्लँकेटं नको होती, पाणी हवं होतं. तिथला झरा खालच्या एका फार्महाऊसवाल्याने तारेच्या कुंपणात घेतला आहे, आणि बायका हंडे घेऊन डोंगराला वळसा घालून जातात. उज्वलाने वर्षभर तहसील कचेरीत खेटे घालून सुनावणी मिळवली. ती येत्या सोमवारी आहे, आणि ती मात्र आता नाही.

असो. तय्यबभाईंच्या टेम्पोत ब्लँकेटं, पाळकसाहेब आणि मी असे पोचलो. वाडीच्या तोंडाशी सगळी माणसं बसून होती. आम्हाला वाटलं, वाटपाची रांग लागली आहे. पाळकसाहेब समाधानाने उतरले, तेवढ्यात तुळसाबाईंनी (वाडीत पहिला शब्द यांचाच) त्यांच्या गळ्यात पडून हंबरडा फोडला. वाडी दुखवट्याला बसली होती. घरोघरचे तांदूळ, नाचणीचं पीठ आणि सुकटीच्या पिशव्या मधोमध मांडून ठेवल्या होत्या, मला द्यायला. मी ब्लँकेटाचा गठ्ठा पुढे केला, तर बायका मागे सरकल्या.

"सुतकातल्या घरचं घ्यायचं नसतं, दादा," तुळसाबाई म्हणाल्या. "द्यायचं असतं."

ख्रिस्ती माणसांत सुतक पाळत नाहीत, हे पाळकसाहेबांनी थोडक्यात समजावलं. (थोडक्यात म्हणजे रविवारच्या उपदेशाएवढं.) म्हातारे चांगूबाबा शेवटपर्यंत मान डोलावत राहिले.

"तुमच्यात नसंल. पन घेनारे आमी हाव ना? बरं, बायचं तेरावं कदी घालनार?"

"आमच्यात तेरावं नसतं, बाबा."

"मंग सुतक सुटनार कसं?"

पाळकसाहेब ब्लँकेटांचे गठ्ठे मोजू लागले. तय्यबभाई टेम्पोच्या आड जाऊन हसत होते. म्हणजे अक्का, त्या हिशोबाने आमचं घर आणि बहुधा अख्खी मंडळी कायमची सुतकात आहे. आमच्या सेवा समितीला त्या वाडीत काहीही वाटता येणार नाही, फक्त घेता येईल. आम्ही ब्लँकेटं परत आणली आणि त्यांच्यावर वाडीचं धान्य. घाटाच्या उन्हात सुकटीचा वास ब्लँकेटांत असा मुरला, की चर्चच्या खोलीत ठेवल्यापासून उपासनेला मांजरं येतात. सेक्रेटरींनी अहवालात 'वाटप' या शब्दाऐवजी काय लिहावं, यावर तासभर चर्चा झाली.

निघताना तुळसाबाईंनी विचारलं, "सोमवारी कोन येनार?" मी खाली पाहिलं. तय्यबभाई म्हणाले, "यांच्याकडून बोलणं व्हायचं नाय, बाई. हे चहालासुद्धा या म्हणत नाहीत, नुसता कप पुढे सरकवतात."

"बोलायला काय, आमाला त्वांड हाय," तुळसाबाई म्हणाल्या. "पन बाय शेजारी बसायची, मंग आमालापन कोन उटवत नव्हता. ह्यांनी निस्तं बसावं."



साडूभाऊंना नमस्कार. तुमचा,
श्रीपत

ता. क. : खरं तर पत्र एवढ्याचसाठी लिहिलं, की सोमवारी तुम्ही यावं. तुम्हाला उज्वलासारखं चार लोकांत बोलता येतं. माझी जागा तुम्ही घ्यावी.

ता. क. २ : हे पत्र सोमवारच्या आत तुमच्याकडे पोचणार नाही, हे वरचं लिहितानाच मला ठाऊक होतं. फोन करता आला असता. तुमचे आलेले फोनही मी उचलले नाहीत, ते रागाने नव्हे. फोनवर तुमचा आवाज अगदी तिच्यासारखा येतो. तेव्हा येऊ नका, सोमवारी मीच जाऊन बसतो. पत्र मिळेल त्या संध्याकाळी फोन करा, पाणी सुटलं की नाही ते सांगेन. त्यानंतर मी गप्प झालो तरी ठेवू नका. तुम्ही बोलत राहा.