देवाच्या बैलाचा कौल

आबा,

दीपमाळेच्या दगडावर बैल शिंगं घासतो तेव्हा खर्र खर्र आवाज होतो. इतकी वर्षं झाली, तरी पहाटे जाग आली की आधी तोच आवाज कानात येतो. तुम्ही पूजेची घागर घेऊन देवळाकडे निघताय आणि चुलीपाशी बसलेल्या आईला सांगताय, "म्हाराज उठले गो." ते देवाबद्दल म्हणायचात की बैलाबद्दल, हे मला कधीच कळलं नाही. देवाला सोडलेला तो बैल. त्याला मालक नाही, वेसण नाही. कुणाच्याही वायंगणाच्या, उन्हाळी भातात शिरला तरी काठी उगारायची नाही. गावातली प्रत्येक गाय त्याच्यापासूनच फळायची. शाळेत मास्तरांनी मंदाक्रांता वृत्त शिकवलं तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे त्याचीच चाल आली. सावकाश, भारदस्त, मध्येच थांबून पुन्हा पुढे. मी मोठ्या हौसेनं तुम्हाला ते सांगितलं, तर तुम्ही म्हणालात, "कविता म्हणान भात शिजणा नाय, झिला."

मग असे पावसाळे आले की गावात वासरूच दिसेना. गायी बैलाकडे जायच्या आणि पुन्हा माजावर यायच्या. एखादी गाभण राहिलीच तर लवकरच गाभ टाकायची. आपली तांबूही तशीच. आई कोरा चहा पुढे ठेवताना गोठ्याकडे बघायची. साठ सालानंतरचे ते दिवस. मी मुंबईहून पशुवैद्य होऊन सरकारी पाहणीत लागलो होतो. जनावरं फळत का नाहीत, याचा शोध घ्यायचा होता. माझे साहेब घाटावरचे, डोक्यानं तल्लख आणि तोंडानं फटकळ. त्यांना मी आपल्याच गावात घेऊन आलो, आणि आल्या आल्या तुम्ही चारचौघांत माझ्यावर ओरडलात, "देवाच्या बैलाक सुई-नळी लावतंस? गुरवाचो झिल ना रे तू?" मी तरी नळी घेऊन पुढे झालो. पण बैल आमच्यापैकी कुणालाच जवळ येऊ देईना. तेव्हा पुटपुटत, चरफडत तुम्हीच त्याच्या मानेशी जाऊन उभे राहिलात आणि गळ्याखालची पोळी खाजवत राहिलात. त्याच्या पोटाखालच्या कातडीच्या पिशवीत आम्ही मिठाचं पाणी सोडलं आणि तपासायला ते परत काढून घेतलं, तरी त्यानं पाय हलवला नाही.

मग आपली पडवी. आईनं तांदूळ निवडायची जागा रिकामी करून दिली आहे. सूक्ष्मदर्शकाच्या आरशावर मी ऊन घेतोय, आणि काचेवरच्या त्या थेंबात एक जीव वळवळत जातोय, अगदी भुजंगप्रयातात. तुम्हाला बोलावलं. तुम्ही एक डोळा हातानं झाकून किती तरी वेळ बघत बसलात.

"ह्यो जिवंत आसा?"

"व्हय. ह्येच्यामुळेच गायी फळनत नाय. बैलाकडसून गायीक, गायीकडसून परत बैलाक."

"आनि बैलाक काय त्रास?"

"काय नाय. तेका जाणवत पण नाय."

तुम्ही म्हणालात, "म्हंजे पाप नाय, नि फेड मात्र आसा." आणि उठून निघून गेलात.

उपाय सरळ होता. बैल गायींपासून कायमचा दूर करायचा, गायींना काही महिने विसावा द्यायचा आणि मग बाहेरच्या निरोगी बैलाचं वीर्य थर्मासात बर्फावर ठेवून एसटीनं आणायचं आणि नळीनं गायींना द्यायचं. देवळाच्या पायरीवर मी हे समजावून सांगत होतो, तर एका म्हाताऱ्यानं विचारलं, "चायच्या थर्मासात बैल मावतलो काय रे डॉक्टरा? शिंगा भायर ऱ्हवतली!" सगळे पोट धरून हसले. साहेब मात्र हसले नाहीत. गावानं ऐकलं नाही तर बैल मारायची शिफारस करीन, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. म्हणजे एकीकडे गावचा गोठा आणि दुसरीकडे देवाचा बैल. निकाल कुणी द्यायचा, हे सगळ्यांना ठाऊक होतं. देवाला विचारायचं, आणि विचारायचं तुम्ही.

तुम्ही ओल्या पाकळ्या देवाच्या उजव्या-डाव्या अंगाला चिकटवल्यात. "बैल गावाभायर काढूचो काय?" डावी पाकळी पडली. देव नाही म्हणाला. साहेबांनी घड्याळ बघितलं आणि चपला शोधू लागले. एकच प्रश्न देवाला दोनदा विचारायचा नाही, ही आपली रीत. तुम्ही मात्र जागचे हलला नाहीत. पुन्हा पाकळ्या भिजवल्यात, चिकटवल्यात आणि गाऱ्हाणं घालायला लागलात:

"बा देवा म्हाराजा, आज ही तुझी लेकरा तुझ्या पायांकडे इली हत. तुझो बैल तुझ्याच गायींक इजा करता, नि तेका ता ठावक नाय. चूक तेची नाय, आमची नाय, तुझी पण नाय. तर तेका खंय धाडूचो नाय, मारूचो नाय. तुझ्याच आवारात, तुझ्या नजरेखाली बांधूचो. गवतपाणी गाव बघीत. मान्य आसात तर उजवो कौल दी, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" लोक म्हणाले. उजवी पाकळी हलली, थांबली, आणि पडली.

बैल आवारात बांधला गेला. गायी समोरून चरायला जायच्या तेव्हा तो दोर ताणून हंबरायचा, आणि तुम्ही गाभाऱ्यातलं काम टाकून त्याच्याशी जाऊन उभे राहायचात. "तेच्या डोळ्यांत बघूक होणा नाय," असं एकदा आईजवळ बोललात. पुढे तांबूला कालवड झाली. तुम्ही तिच्या कपाळाला हळद लावलीत आणि त्याच हातानं पेंढ्याची जुडी उचलून बैलाकडे गेलात. आनंद झाला होता की नव्हता, हे तुमच्या पाठीकडे बघून मला सांगता आलं नसतं.

आबा, पुढे नोकरीभर मी गायी-म्हशींच्या वांझपणावर काम केलं, घोड्यांच्या पागांमध्येही केलं. प्रश्न विचारणं हाच माझा धंदा. पण एक प्रश्न तुम्हाला कधी विचारला नाही. दुसऱ्या वेळी उजवी पाकळी आधी सुटावी म्हणून तिला पाणी जरा कमी लावलं होतंत का? तुम्ही होतात तोवर विचारता आलं असतं. खरं सांगायचं तर, मला उत्तर नको होतं. ती पाकळी हलून थांबली तेव्हा मीही हात जोडले होते, आणि ते देवाला जोडले की तुम्हाला, हेही तपासून बघावंसं वाटलं नाही. हे पत्र कुठं धाडायचं नाही, म्हणूनच लिहितोय.

आपल्या घराच्या दारात कुणीतरी उभं आहे. माझ्या धाकट्या भावाचा मुलगा! तुमच्यामागे धाकट्यानं देवाची सेवा केली. तो गेला तेव्हापासून देवळाचं काम शेजारगावच्या गुरवाकडे आहे. हा मुंबईत वाढलेला, गणपतीशिवाय गावात न दिसणारा, आणि आज भर दुपारी पिशवी खांद्याला लावून उभा.

"काका, नोकरी सोडून इलंय. पूजा मीच करतलंय. गाराणा तुमका पाठ आसा म्हणतत. शिकवशात?"

"शिकवतंय. बस."

"आनि पाकळी कशी लावतत, ता?"

मी पेन खाली ठेवतोय, आबा.

"ता माका येणा नाय रे. ता तुझा तूच शिक."