शेपटी पुढं, मी मागनं

रत्नागिरी

आये, केरू पाया पडतो. पाठीत धपाटा घालू नको.

मी मजेत हाय. खोकला गेलाच म्हण. तुझा गुडघा कसा हाय?

काल सांजेला मांडवीच्या किनाऱ्यावर शेंडेनक्षत्र बघितलं. कॉलेजचे एक सर म्हणाले, सूर्याकडनं वारा सुटतो, तो त्याची शेपटी कायम लांब उडवतो. म्हणून सूर्याकडनं परत निघालं की शेपटी पुढं, ते मागं!

गॅरेजच्या शेठला म्हटलं, "हे दिसलं की कामगाराला दिवाळीला घरी धाडायचं असतं."

"आधी तुझं शेपूट कापतो," म्हणाला. रजा अजून नाय.

पण माझं शेपूट कधीच मंडणगडला, आपल्या घरी पोचलंय. दिवाळीला तुळशीपुढं फोडायचं माझं कारीट राखून ठेव. धाकट्या काशीला फोडू देऊ नको.

मागनं येणारा,
केरू