अडतिसाव्या मिनिटाचा आवाज काढू नये

मी, उमाबाई मडिवाळप्पा कलशेट्टी, वय एकाहत्तर, धंदा विद्यार्थ्यांची मेस (आता बंद), राहणार लातूर, आज सकाळी चहा घेऊन, चष्मा लावून, स्वतःच्या हातानं हे मृत्युपत्र लिहून ठेवते. डोकं जाग्यावर आहे. गुडघे नाहीत, पण मृत्युपत्राला गुडघे लागत नाहीत असं माझी वकील भाची मंजुषा म्हणते. माझ्यावर कुणाचा दबाव नाही. दबाव टाकणारे एकच होते, आमचे मालक, ते २००४ साली लिंगैक्य झाले, म्हणजे वारले.

कलम १. राहतं घर, खालच्या जेवणाच्या हॉलसकट, माझा मुलगा शिवकुमार याला. तो पुण्यात असतो. त्यानं घर ठेवावं किंवा विकावं, मी भांडायला येणार नाही.

कलम २. मेसची सगळी भांडी, दोन्ही शेगड्या आणि माझ्या पाटल्या गंगम्माला. बावीस वर्षं तिनं माझ्या शेजारी बसून भाकरी थापल्या. समोरच्या बंगलेवाल्यांनी माझ्या मेसमधल्या पोरांच्या वाजवण्यावरून पोलिसांत दोनदा अर्ज दिला होता. त्यांना माझ्याकडून काही जाऊ नये. लोणचंसुद्धा नाही.

कलम ३. माझ्या कपाटात एका डबीत रेकॉर्डिंग आहे. दिनांक १२ फेब्रुवारी २०१७, रविवार, माझ्या मेसच्या हॉलमध्ये झालेला कार्यक्रम, बासष्ट मिनिटं. त्याची मालकी माझ्या नावावर आहे, कारण वाजवणाऱ्या चौघांनी वहीच्या पानावर तसं लिहून सह्या केल्या. "काकू, आमच्याकडं ठेवलं तर आम्ही भांडू," असं म्हणाले. ते कुणाला जावं हे सांगण्याआधी काय घडलं ते लिहिणं भाग आहे.

ही चौघं माझ्याकडं जेवणारी पोरं. उदगीरचा रविकिरण गिटार वाजवायचा, पंचाक्षरी बास, तनुजा कीबोर्ड आणि कंधारची पुनम ड्रम. सगळे डॉक्टर व्हायला लातूरला आले होते. ते वाजवायचे त्याला जाझ फ्यूजन म्हणतात. मला आधी वाटायचं, हे एकमेकांना चुकवायला वाजवतात. सात मात्रा धराव्यात तर पुढं अकरा निघायच्या. रवीची बोटं दिसायची नाहीत. मग कधीतरी माझ्या लक्षात आलं, की कितीही लांब पळाले तरी चौघं एका क्षणी बरोबर एका ठिकाणी येऊन उभे राहतात. तेव्हापासून मी हातातल्या पोळ्या तशाच सोडून ऐकायला लागले.

पुनमला ड्रम ठेवायला मी धान्याची खोली दिली. ज्वारीच्या पोत्यांनी आवाज फारसा बाहेर जायचा नाही. तिचे वडील आप्पासाहेब वडजे दर आठवड्याला मला फोन करायचे.

"बाई, लेक अभ्यास करून राहिली ना?"

"करून राहिली की," असं मी म्हणायचे. दीड वर्ष म्हटलं. माझ्या आयुष्यात मी बोललेलं हे सगळ्यात लांब खोटं.

रविवारी संध्याकाळी मेस बंद असते, म्हणून कार्यक्रम चार वाजता ठेवला. सतरंज्यांवर सत्तर-ऐंशी पोरं बसली होती. चौथी चीज चालू असताना आप्पासाहेब दारात उभे राहिले. परीक्षेचे मार्क कळले म्हणून लेकीला न्यायला आले होते. रेकॉर्डिंगमध्ये अडतिसाव्या मिनिटाला त्यांचा आवाज आहे: "पुनम! बंद कर ते!"

तिघं थांबले. पुनम थांबली नाही. वडिलांकडं बघत ती एकटी चार मिनिटं वाजवत राहिली. आधी दबून, मग इतक्या जोरात की हॉलमधली ताटं थरथरली. मग तनुजा हळूच आत आली, मागून बाकीचे. आप्पासाहेब कार्यक्रम संपेपर्यंत दाराशीच खाली बसून होते.

नंतर ते मला एवढंच म्हणाले, "तुमच्या भरवशावर लेक ठेवली व्हती." साडेसातच्या बसनं ते तिला घेऊन गेले. मी तिची बॅग भरून दिली.

पुनमनं नर्सिंग केलं. ती भोकरला दवाखान्यात नोकरी करते. ते वाजवणं मात्र मोबाइलवरून कुठंकुठं गेलं. हैदराबाद-बंगळूरचे वाजवणारे विचारत येऊ लागले, ड्रमवर कोण आहे? रवीनं तिच्या घरच्यांच्या भीतीनं कुठंच तिचं नाव लिहिलं नव्हतं. मागच्या वर्षी एक कंपनी रेकॉर्ड काढायला तयार झाली. रवी म्हणाला, "काकू, तेवढा पुनमच्या वडिलांचा आवाज काढून टाकू. आता सगळं निघतं." मी नाही म्हटलं. तो चिडून गेला, अजून जेवायला आलेला नाही.

मी कंधारला गेले. आप्पासाहेब आता काठीवर चालतात. माझ्या फोनवर त्यांना ते वाजवणं ऐकवलं. स्वतःचा आवाज आला तशी त्यांनी मान खाली घातली, पण चार मिनिटं फोन हातातून सोडला नाही.

मी म्हटलं, "मी तुमच्याशी खोटं बोलले. माफ करा."

"ते तर हायेच," ते म्हणाले. मग फोन माझ्या हातात परत देत, "आवाज ऱ्हाऊ द्या. म्या चुकलो आसंल, पर म्या तिथं व्हतो."

पुनमला भोकरला जाऊन विचारलं. ती ड्यूटीवरून आली होती, हात धुता धुता म्हणाली, "दोन दिवस द्या, काकू." तिसऱ्या दिवशी फोन आला. "तसंच ठेवा. अन् काकू, ड्रम विकले का?"

सबब:

(अ) रेकॉर्डिंग चौघांना समान. ते बाजारात आणायचा अधिकार रविकिरणचा, कारण त्याच्याएवढा जीव त्यात कुणी घातला नाही. मात्र एक सेकंदही कापू नये. त्याचा राग रास्त आहे, तरी त्यानं जेवायला यावं. मी असेपर्यंत आलेला बरा.

(आ) ड्रम पुनमला. विकलेले नाहीत. धान्याच्या खोलीतच आहेत आणि शिवकुमारनं घर विकण्याआधी ते स्वतः भोकरला पोचवावेत.

(इ) रेकॉर्डच्या वेष्टणावर चौघांची नावं सारख्या अक्षरात यावीत. ड्रम वाजवणारीचं नाव पूर्ण लिहावं: पुनम आप्पासाहेब वडजे. दोघंही त्यात आहेत.

कलम ४. अंमलबजावणी मंजुषानं करावी. मला आमच्या लिंगायत रीतीनं बसवून माती द्यावी. दवाखान्यात पेशंट सोडून पुनमनं येऊ नये.

वरचं सगळं मी दोनदा वाचलं. खाडाखोड नाही. साक्षीदारांसमोर सही करते.

सही: उमाबाई मडिवाळप्पा कलशेट्टी

साक्षीदार: १. गुरुपादप्पा हालगे, शेजारचे औषध दुकानदार. २. महामाया कांबळे, निवृत्त शिक्षिका. (या दोघांना या कागदातून काही मिळणार नाही, हे सांगूनही चहावर आले.)

लातूर, सोमवार, दिनांक १७ नोव्हेंबर २०२५